चौदा दिवसांची पारख

संगप्पा, परवा तुझ्या गावी वालूरला, तुझ्या दिवसांच्या शिवगणाराधनेला जाऊन आलो, आणि तो वाजवायचा डबा सोबत नेला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला काय चिडायचं ते चिडून घे. ‘उठून बसशील’ असं म्हणणार होतो, पण तुमच्या लिंगायतांत बसवूनच पुरतात. त्या दिवशी माती देताना तुझ्या शेतात, लिंबाच्या बाजूला तुला मांडी घालून बसवलं, तेव्हा माझ्या मनात आलं, आता ह्याच्यापुढं फक्त तबला-डग्गा ठेवायचा राहिला. लोक रडत होते आणि मला हसू फुटलं. मग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना. तुझे थोरले बंधू, अण्णा, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना वाटलं, दोस्त गेला म्हणून रडतोय. तेवढंच नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. दीड वर्ष राहिली. परभणीच्या दवाखान्यात तुझ्या कॉटशेजारी मी तीनदा येऊन बसलो. काविळीनं तुझे डोळे हळदीसारखे झालेले, आणि मी तुला काय सांगत होतो, तर पूर्णा स्टेशनावर नवा चहावाला आलाय आणि त्याचा चहा बरा असतो. तिसऱ्या वेळी तूच म्हणालास, "पल्हाद्या, चहाचं झालं. आनखी काय?"

मी म्हणालो, आणखी काही नाही.

तर आता ऐक. डबा घ्यायचा की परत करायचा हे तू ठरवायचंस, म्हणून आम्ही तो तुझ्यापुढं ठेवला. तू चौदा दिवस त्याची पारख केलीस. पण डबा घ्यायचा आणि तुला गाण्याच्या पार्टीतून कमी करायचं, हे त्याच्या आदल्या दिवशीच ठरलेलं होतं. दिगूशेठच्या कापडदुकानात, गादीवर बसून. मी तिथं होतो. मी मान हलवली होती.

दिगूशेठचा तुला राग नव्हता. माईक त्याचे, जीप त्याची, पार्टी त्याची; आपण सगळे त्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून लग्नं वाजवत फिरणारे. त्याच्या साडूचा मुलगा आखातातून आला आणि येताना तो जपानी डबा घेऊन आला. शाळेच्या पाटीएवढा, काळा, समोर रबराची बटणं आणि बोटभर रुंदीची काचेची खिडकी. एका बटणात ढोल, एकात झांज, पलीकडं बासगिटार, त्याच्याही पलीकडं व्हायोलिनांचा सगळा ताफा. बटणं दाबून जे वाजवाल ते लक्षात ठेवणार, त्यावर दुसरं वाजवलं की तेही ठेवणार, आणि सांगाल तेवढ्या वेळा सगळं मिळून वाजवून दाखवणार. साडूच्या मुलाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चौदा दिवस ठेवा, पटला तर घ्या, म्हणाला.

दिगूशेठनं अर्ध्या तासात घेतला. मला म्हणाला, "समदी पार्टी ह्या डब्यात हाय, पल्हाद. जीपमदी तिघांची जागा मोकळी झाली. पर संगप्पाला दुखवायचं न्हाई. त्याला म्हनावं, तूच पारख कर. त्याच्याच तोंडून हो निघालं की मग कुनाला बोल लावायचं कारन न्हाई."

आणि खरं सांगू, मला ते शहाणपणाचं वाटलं. त्याहून खरं सांगायचं तर मला डबा आवडला होता. रेडिओ दुरुस्त करता करता माझी हयात चालली. दुसऱ्यानं केलेला आवाज माझ्या हातून चालू व्हायचा, एवढंच. त्या डब्यात मी एकटा सगळं करू शकणार होतो. पार्टीत तुझ्या डाव्या बाजूला बसून मी कॅसिओ वाजवायचो आणि लोक तुझ्या हाताकडं बघायचे, हेही मनात कुठंतरी होतंच. तुझ्यामुळं मी स्टेजवर टिकलो, हे ठाऊक असूनसुद्धा. मानवतच्या त्या पहिल्या लग्नात मी हरवलो, गाण्याची जागा सापडेना, तेव्हा तू काही न झाल्यासारखा ठेका धरून बसलास. दोन आवर्तनं जास्त वाजवलीस, माझ्याकडं न बघता. मी सापडलो तसा तू पुढं निघालास. मंडपात कुणालाही कळलं नाही. उपकार केल्याचा चेहरासुद्धा कधी केला नाहीस, त्यामुळं ते फेडायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या रेडिओच्या टपरीत आलास तो गळ्यात शिंप्याचा टेप तसाच. डबा हातात घेतलास आणि पहिल्यांदा उलटा केलास. "कापड अन् शिलाई उलट्या बाजूनं बघावं लागती," म्हणालास. मागं चार स्क्रू होते, बाकी काही नव्हतं. मग समोरची एकेक बटणं दाबलीस. ढोलाला ‘बरा हाय’ म्हणालास, झांजेला ‘पत्रा हाय’. तयार ठेके बत्तीस होते, ते सगळे शेवटपर्यंत ऐकलेस. नंतर म्हणालास, "ह्याला दादरा येत न्हाई. समदे चार-चारचे. निम्मी गानी दादऱ्यात असत्यात, तिथं काय करायचं? बघ बाबा." आणि निघून गेलास.

मी ते इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो. शब्दकोश लावून एकेक ओळ फोडली. संध्याकाळी दादरा सापडला. मोजायचा आकडा आधी बदलून घ्यावा लागायचा. मी सायकलवर टांग मारून तुझ्या दुकानात आलो आणि तुला सांगितलं. तू मशीनवरचा पाय थांबवलास. "सापडला व्हय?" म्हणालास, आणि तुझा चेहरा पडला. मला वाटलं, तबलजी आहे, जळणारच.

तिथून रोज एक. करंट कमी-जास्त झाला की डब्याची मती जाते आणि अर्ध्या तासाची मेहनत पुसली जाते, हे तू काढलंस. पूर्णेत करंटाचा काय भरवसा? मी सहा टॉर्चच्या सेलवर चालेल अशी जोडणी करून दिली. मंडपातल्या उन्हात खिडकी काळी पडते आणि काही दिसत नाही, हे तू माझ्या टपरीच्या पत्र्याखाली दुपारी दोनला डबा ठेवून सिद्ध केलंस. मी थर्माकोलची पेटी करून त्यात तो बसवला. गाण्यांची जागा थोडी, नवं घातलं की जुनं पुसावं लागतं, हे तू म्हणालास. मी म्हणालो, लग्नात तीच बारा गाणी असतात, तू तरी कुठं तेरावं वाजवलंस? यावर तू हसलास. त्या चौदा दिवसांत तेवढा एकदाच हसलास.

एक दिवस नामांतराचा बंद होता. एसटी नाही, बाजार नाही. टपरीचं शटर गुडघ्यापर्यंत ओढून आपण दोघं आत. भट्टीच होती. बाहेर पोलिसांची गाडी गेली की बोलणं थांबवायचं, मग पुन्हा सुरू. त्या दिवशी तू म्हणालास, आज मी वाजवतो ह्याच्यावर. रबराच्या बटणांवर बोटांनी केरवा वाजवलास. सुरुवातीला अडखळलास, मग बोटं बसली. मी आठवणीत ठेवायचं बटण दाबलं होतं. वाजवून झाल्यावर डब्यानं तो परत ऐकवला. तू कान लावून ऐकलास आणि माझ्याकडं बघितलंस.

"ह्यो मी न्हाई."

"तूच आहेस. आत्ता वाजवलास तो."

"माझ्यावर इस्त्री फिरवलीया ह्यानं. पार चुण्या काढल्या."

खरं होतं ते. डबा प्रत्येक ठोका जवळच्या मात्रेच्या घरात सरकवून ठेवत होता. तू समेच्या किंचित मागं रेलायचास, त्यावर तर माणसं नाचायची, आणि ते रेलणंच गेलं होतं. मी पुस्तक धुंडाळून इस्त्री बंद करायची जागा शोधली. पुन्हा वाजवून घेतलं. आता तुझाच हात होता, हुबेहूब. तू तो आठ-दहा वेळा ऐकलास. मग म्हणालास, "आता माझी चूक बी पाठ केली ह्यानं. दर फेऱ्याला तिथंच चुकायलाय. मी एकदाच चुकलो होतो."

त्या दुपारी बाहेर जायला जागा नव्हती, दुसरं माणूस नव्हतं, बोलायला दुसरा विषय नव्हता. चार तास आपण समोरासमोर बसलो होतो. जीभ दोनदा उचलली मी. दोनदा पाणी प्यायलो.

आपला जुना वादही त्याच दिवशी निघाला. ठेक्यानं गाणाऱ्यासाठी थांबावं का? तू म्हणायचास, थांबावंच. माणूस दम घेतो, तेवढं अंतर ठेक्यानं सोसावं. मी म्हणायचो, थांबतो तो ठेका कसला, घड्याळ कधी थांबतं का? "घड्याळाबरुबर कोन गातं रे?" तू म्हणालास. पुढं म्हणालास, "रेडीमेड सदरा हाय ह्यो. समद्यांना घालता येतो, अंगाला कुनाच्याच बसत न्हाई." मी चिडलो. तू मुद्दाम खोड्या काढतोयस, म्हणालो. तू डब्याची वायर गुंडाळत होतास. "मुद्दामच काढायलोय," म्हणालास. मला ती चेष्टा वाटली.

तेराव्या दिवशी तू शेवटचं सांगितलंस. डब्याला थांबता येतं, पण गाणं संपवता येत नाही. बटण दाबलं की मान मुरगाळल्यासारखा बंद पडतो. मी रात्रभर नव्हे, फक्त दोन तास बसून त्याच्यात तिहाई भरली. शेवटच्या फेऱ्याला ती लावली की झकास शेवट व्हायचा. चौदाव्या दिवशी सकाळी तू आलास, ती ऐकलीस, आणि टेप गळ्यातून काढून हातात घेऊन म्हणालास, "घ्या. चांगला हाय." मी लगेच दिगूशेठकडं पळालो. तू टपरीच्या बाकड्यावर तसाच बसला होतास, हे मला आत्ता आत्ता आठवतंय.

पुढचं तुला माहीत आहे. हंगाम संपला तसं तुला ‘पुढच्या वेळी सांगतो’ म्हणायला लागले, आणि ते सांगायला मलाच पाठवायचे. तू शिलाईवर बसलास. वाटेत दिसलास की हात वर करायचास. माझं म्हणशील तर तेव्हापासून मी त्या डब्याचा गडी झालोय. आधी ढोलकवाला गेला, मग बासरीवाला, आता जीपमध्ये मी, एक गाणारी आणि दिगूशेठचा भाचा. ऐसपैस बसतो आणि कुणी कुणाशी बोलत नाही. लग्नात मी काही वाजवत नाही, बटणं दाबतो. चुकायची सोय नाही, मधेच कुणाकडं बघून हसायची सोय नाही, लघवीला जायची सोय नाही. मी हरवलो तर तो दोन आवर्तनं जास्त वाजवत नाही. सोडावं म्हटलं तर दुरुस्तीला आता कोण येतंय, लोक नवाच घेतात. घरात दोन पोरी लग्नाच्या. दिगूशेठ सगळ्या तारखा माझ्याच नावानं घेतो, म्हणतो, पल्हाद हाय तर पार्टी हाय. ऐकून मान आखडते.

आणि मग गेल्या आठवड्यात अण्णांचा निरोप आला. "आराधनेला भजन हाय. गावात मृदंगावर हात ठेवनारा संगप्पाच होता. तुमच्या डब्यात समदं हाय म्हनं. घिऊन या."

नको कसं म्हणू? नको म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कारण द्यायचं तर सगळंच सांगावं लागणार. मी डबा थर्माकोलच्या पेटीत घातला आणि सेलूची पॅसेंजर धरली.

तुझ्या घरी ओसरीवर तुझा मृदंग भिंतीला टेकून ठेवला होता. त्याच्या डाव्या अंगाला कणीक लावायलाही कुणी नव्हतं. त्याच्या शेजारी मला बसवलं, हार घातला. डब्याला भस्म लावलं. मग भजन सुरू झालं. म्हातारी माणसं, ऐंशीच्या घरातली, एक ओळ म्हणायची आणि दम घ्यायची. डबा पुढं. कुणी खोकायचं, कुणी तुझ्या फोटोकडं बघून मधेच गप्प व्हायचं, की डबा आणखी पुढं. पाहुण्याची वस्तू म्हणून कुणी एक शब्द बोललं नाही. ती माणसं डब्याच्या मागं धावायला लागली रे, संगप्पा. धापा टाकत शिवाचं नाव घेत होती. मी वेग कमी केला तर नेमका त्यांना जोर चढला. वाढवला तर ती दमली. माझं बोट त्या बटणावरून हलेना. शेवटी मी डबा बंद केला. तिहाई वगैरे काही लावली नाही, मान मुरगाळली. ती माणसं टाळ्यांवर आणि झांजेवर गात राहिली, थांबत, सावरत, एकमेकांना सांभाळून घेत. आपला वाद मिटला. तू जिंकलास, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायला तू नाहीस.

पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. वहिनी हौदाजवळ एकट्याच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. गादी, दिगूशेठ, मान हलवलेली. तुला सांगता आलं नाही ते त्यांना सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"त्यांना मालूम होतं, भावजी."

मला वाटलं, दवाखान्यात कुणी सांगितलं असेल. "कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. शेठानी ब्लाऊज शिवायला टाकाया आल्या होत्या. म्हनल्या, आता काय, संगप्पांना शिलाईला सवडच सवड. आमच्या ह्यांनी डबा घेतला की. तुमचे दोस्त मशीनवरच बसले होते. तसेच उठून तुमच्याकडं आले."

"मग चौदा दिवस पारख कशाची केली?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"डब्याची कुठली? घरी येऊन सांगायचे, आज दादऱ्याची खोट काढली, एक दिवस मिळाला. उद्या बोलंल पल्हाद. दुसऱ्या दिवशी करंटाची. मग उन्हाची. मी म्हनलं, तुमीच सरळ इचारा की त्याला. तर म्हनले, इचारून कबूल करायला तो काय चोर हाय का? दोस्त हाय माझा. आपल्या तोंडानं सांगंल. त्या बंदच्या दिवशी तर लय आशा होती त्यांना. येऊन म्हनले, दोनदा तोंडापस्तोर आलं होतं त्याच्या, पानी पिऊन गिळलं." मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी लय वेळ उंबऱ्यावर बसले. म्हनले, आता आनखी कोनती खोट काढू? संपल्या समद्या. जातो अन् हो म्हनून येतो."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "जेवला न्हाईत तुमी. चला, वाढते." मी त्यांच्यामागून गेलो आणि जेवलो. दुसरं काय करणार होतो?

संगप्पा, त्या चौदा दिवसांत मी काय केलं ते तू बघितलंस. तू सकाळी एक खोट काढून माझ्यापुढं ठेवायचास आणि मी संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त करून टाकायचो. वर सायकलवरून तुला सांगायला यायचो, हसत. एकही शिल्लक ठेवली नाही.

उद्या बोरीला लग्न आहे. सुपारी घेतलेली आहे, सेल बदललेत. जावं लागणार.